कॅटेगरीला स्वतःचे रकाने जोडताना: वर्डप्रेसमधील टर्म मेटाविषयी सविस्तर उत्तर

मुंबईतील वस्त्यांची ओळख करून देणारे आपले संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे आणि गिरगाव, लालबाग, दादर, विलेपार्ले अशी प्रत्येक वस्ती त्यात एक कॅटेगरी म्हणून नोंदलेली आहे. प्रत्येक कॅटेगरीच्या पानावर जवळचे स्थानक, रेल्वेमार्ग, पिनकोड, एक छायाचित्र आणि यादीतील क्रम दाखवावा अशी आपली इच्छा आहे. परंतु वर्डप्रेस कॅटेगरीसाठी नाव, स्लग (पानाच्या पत्त्यात येणारे नाव), मुख्य कॅटेगरी आणि वर्णन एवढेच रकाने देते, त्यामुळे सध्या ही सारी माहिती वर्णनाच्या चौकटीत भरलेली आहे. नवे रकाने कसे जोडावेत आणि त्यासाठी प्लगइन घ्यावे की स्वतः लिहावे, असे आपण विचारले आहे.

असे रकाने टर्म मेटामध्ये, म्हणजे कॅटेगरीसोबत साठवायच्या जादा माहितीत, जोडता येतात आणि ते पडद्यावर दिसू लागणे हे तासाभराचे काम आहे. मात्र त्यांत भरलेली माहिती पुढील अनेक वर्षांत कोणाच्याही हातून नकळत पुसली जाऊ नये, यासाठी खरा विचार करावा लागतो. म्हणून या उत्तरात मी रकाना दाखवण्यापेक्षा तो साठवण्याबद्दल अधिक लिहिणार आहे.

आधी एक गोष्ट ठरवून घ्यावी. कोणती माहिती कॅटेगरीची आहे आणि कोणती लेखाची? मी वापरतो ती कसोटी अशी की एखादी बाब त्या कॅटेगरीतील प्रत्येक लेखात जशीच्या तशी पुन्हा लिहावी लागत असेल, तर ती कॅटेगरीची आहे. लालबागसाठी करी रोड आणि चिंचपोकळी ही जवळची स्थानके आहेत, हे लालबागवरील प्रत्येक लेखाला सारखेच लागू पडते. दादरचा पिनकोड मात्र या कसोटीला उतरत नाही, कारण दादर पश्चिमेचा पिनकोड ४०००२८ आणि पूर्वेचा ४०००१४ आहे. तेथे एकतर दोन मूल्ये ठेवावी लागतील, पूर्व आणि पश्चिम अशा दोन उपकॅटेगरी कराव्या लागतील, किंवा पिनकोड हा लेखाचा रकाना मानावा लागेल. हा निर्णय कागदावर आधी झालेला बरा, कारण एकदा माहिती भरली गेल्यावर तो फिरवणे फार कष्टाचे होते.

वर्णनाच्या चौकटीतून माहिती बाहेर काढावी असे मी आग्रहाने सांगतो. ती चौकट एचटीएमएलमधील मोजकेच टॅग ठेवते आणि बाकीचे गाळते. त्याहून मोठी अडचण ही की त्या मजकुरातून ‘मध्य रेल्वेवरच्या सर्व वस्त्या दाखवा’ अशी यादी विश्वासाने काढता येत नाही.

आता थोडा इतिहास, कारण इंटरनेटवर अजूनही मिळणारे अनेक जुने धडे चुकीची वाट दाखवतात. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या वर्डप्रेस ४.४ पूर्वी कॅटेगरीच्या जादा माहितीसाठी स्वतंत्र जागाच नव्हती. लोक ती ऑप्शन्सच्या (संकेतस्थळाच्या सेटिंग्जच्या) टेबलात, कॅटेगरीचा क्रमांक नावात गुंफून ठेवत असत. त्या पद्धतीत ही सारी माहिती सहसा प्रत्येक पान उघडताना आपोआप मेमरीत येई, आणि कॅटेगरी काढून टाकली तरी तिची माहिती टेबलात तशीच पडून राही. शिवाय त्या काळी एकाच नावाची कॅटेगरी आणि टॅग मिळून एकच क्रमांक वापरू शकत होते, त्यामुळे क्रमांकावरून नेमकी कॅटेगरी ठरवणे धोक्याचे होते. ४.२ आणि ४.३ या आवृत्त्यांमध्ये हे सामायिक क्रमांक वेगळे करण्यात आले, आणि त्या पायावर ४.४ मध्ये टर्म मेटाचे स्वतंत्र टेबल उभे राहिले. त्यात नोंदीचा क्रमांक, टर्मचा (म्हणजे कॅटेगरी किंवा टॅगचा) क्रमांक, की (रकान्याचे नाव) आणि मूल्य असे चार स्तंभ आहेत. गेट, अ‍ॅड, अपडेट आणि डिलीट यांपैकी हवा तो शब्द घेऊन त्याला अंडरस्कोरने ‘टर्म मेटा’ जोडले की हवे ते फंक्शन मिळते. कॅटेगरी काढून टाकली की तिचा मेटाही काढला जातो. ऑप्शन्सच्या टेबलात माहिती ठेवायला सांगणारा कोणताही धडा आपण बाजूला ठेवावा.

पडद्यावर रकाना आणण्यासाठी दोन हुक (ठरावीक क्षणी आपले फंक्शन चालवण्याच्या जागा) लागतात, कारण वर्डप्रेसमध्ये कॅटेगरीचे फॉर्म दोन आहेत. नवी कॅटेगरी जोडण्याचा फॉर्म डाव्या बाजूला असतो आणि त्यातील प्रत्येक रकाना डिव्ह या एचटीएमएल टॅगमध्ये बसतो. असलेली कॅटेगरी संपादित करण्याचा फॉर्म म्हणजे एक टेबल असते आणि तेथे रकाना टेबलाच्या ओळीतच द्यावा लागतो. पहिल्या फॉर्मसाठी ‘कॅटेगरी अ‍ॅड फॉर्म फील्ड्स’ आणि दुसऱ्यासाठी ‘कॅटेगरी एडिट फॉर्म फील्ड्स’ हे हुक आहेत. दुसऱ्या हुकला टर्मचा ऑब्जेक्ट मिळतो, त्यावरून जुने मूल्य वाचून रकान्यात दाखवता येते. साठवण्यासाठी अनुक्रमे ‘क्रिएटेड कॅटेगरी’ आणि ‘एडिटेड कॅटेगरी’ हे हुक आहेत, आणि ५.५ पासून दोन्ही प्रसंगांसाठी ‘सेव्ह्ड कॅटेगरी’ हा एकच हुकही उपलब्ध आहे. कॅटेगरीऐवजी स्वतःची टॅक्सॉनॉमी (वर्गीकरणाचा प्रकार) असेल तर हुकच्या नावात तिचे नाव येते, इतकाच फरक.

बहुतेक धडे येथे थांबतात. साठवण्याच्या फंक्शनमध्ये ते फॉर्ममधून आलेले मूल्य उचलतात आणि अपडेट टर्म मेटाला देतात. काही वर्षांपूर्वी मीही एका स्थानिक संकेतस्थळासाठी तसेच लिहिले होते. तेथील संपादिकाबाईंनी एका दुपारी सुमारे चाळीस कॅटेगरींच्या नावांतील ऱ्हस्वदीर्घाच्या चुका द्रुत संपादनातून (क्विक एडिटमधून) दुरुस्त केल्या. संध्याकाळी त्या चाळीसही पानांवरचे पिनकोड आणि स्थानके नाहीशी झाली होती. त्यांचे काम अचूक होते. चूक माझ्या फंक्शनमध्ये होती. द्रुत संपादनाच्या छोट्या पट्टीत फक्त नाव आणि स्लग असतात, पण ती पट्टी साठवली की ‘एडिटेड कॅटेगरी’ हा हुक तितकाच चालतो. माझ्या फंक्शनला पिनकोड मिळाला नाही, त्याने त्याचा अर्थ ‘रिकामा’ असा लावला आणि असलेले मूल्य पुसले. आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून माहिती परत आणता आली.

तेव्हापासून मी या विषयात एकच फरक सर्वात वर ठेवतो: रकाना रिकामा येणे आणि रकाना मुळात न येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात माणसाने जाणूनबुजून मूल्य काढलेले असते आणि ते काढायलाच हवे. दुसऱ्यात माणसाने त्याबद्दल काहीच म्हटलेले नसते, म्हणून तेथे हातही लावायचा नसतो. द्रुत संपादन हे त्याचे एक उदाहरण झाले. आयात करणारे साधन, दुसरे एखादे प्लगइन, इतर प्रोग्रामना वर्डप्रेसशी बोलू देणारे रेस्ट एपीआय अशा अनेक दारांनी कॅटेगरीत बदल होतो आणि त्या प्रत्येक वेळी आपला हुक चालतो.

उपाय सोपा आहे. आपल्या दोन्ही फॉर्ममध्ये स्वतःचा नॉन्स, म्हणजे फॉर्मसोबत जाणारा पडताळणीचा संकेत, ठेवावा. साठवण्याच्या फंक्शनने सर्वप्रथम तो आलेला आहे का आणि खरा आहे का हे पाहावे, आणि नसेल तर काहीही न करता परत फिरावे. त्यानंतर त्या व्यक्तीला ही कॅटेगरी संपादित करण्याचा अधिकार आहे का, हे तपासावे. नॉन्स मुळात सुरक्षिततेसाठी असतो हे खरे, पण येथे तो ‘आपला फॉर्म खरोखर समोर होता’ याची खूणही ठरतो. चेकबॉक्सच्या बाबतीत तर त्याच्याविना चालतच नाही, कारण टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. नॉन्स आहे आणि चेकबॉक्स नाही, म्हणजेच टिक काढली आहे, असा निष्कर्ष तेव्हाच निर्धास्तपणे काढता येतो. रकाना रिकामा आला तर रिकामे मूल्य साठवू नये, डिलीट टर्म मेटाने ती नोंद काढून टाकावी. मग टेबलात नोंद नसणे याचा अर्थ एकच उरतो.

नवी कॅटेगरी जोडण्याच्या फॉर्मची एक खोडही येथेच सांगतो. तो फॉर्म पान न बदलता पाठवला जातो आणि काम झाल्यावर वर्डप्रेस त्यातील दिसणारे मजकुराचे रकाने कोरे करते. छायाचित्राचा क्रमांक मात्र आपण सहसा हिडन रकान्यात ठेवतो आणि तो कोरा होत नाही. परिणामी गिरगावला लावलेले छायाचित्र पुढे जोडलेल्या परळलाही चिकटते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तो रकाना जावास्क्रिप्टने कोरा करता येतो, पण माझा सल्ला असा की छायाचित्राचा रकाना फक्त संपादनाच्या फॉर्ममध्ये ठेवावा. एका कॅटेगरीमागे एक क्लिक वाढते आणि चुकीची एक जागा कायमची बंद होते.

यानंतर रजिस्टर टर्म मेटा. हे फंक्शन ऑगस्ट २०१८ मधील ४.९.८ या आवृत्तीपासून आहे आणि ते टाळणे मला योग्य वाटत नाही. याद्वारे आपण रकान्याचा प्रकार, तो एकमूल्य आहे की बहुमूल्य, तो रेस्टमध्ये दिसावा की नाही आणि त्याची शुद्धी (आलेले मूल्य साठवण्याआधी नीट करणे) कोणत्या फंक्शनने करावी हे एकदाच नोंदवतो. त्यातील शुद्धीचे फंक्शन फॉर्मशी बांधलेले नसते. मूल्य कोणत्याही दाराने आले तरी टेबलात जाण्यापूर्वी ते त्या फंक्शनमधून जातेच. रेस्टमार्गे कॅटेगरी बदलताना जो मेटा पाठवलेला नाही त्याला वर्डप्रेस हात लावत नाही. न येणे आणि रिकामे येणे यांतला फरक तेथे आधीच पाळलेला आहे. हेही ध्यानात असू द्यावे की ब्लॉक संपादकात लेख लिहिताना बाजूच्या पट्टीतून जोडलेली नवी कॅटेगरी रेस्टमार्गेच तयार होते आणि तेथे आपले रकाने दिसत नाहीत. म्हणून थीमने प्रत्येक रकाना नसण्याची शक्यता गृहीत धरूनच पान उभे करावे. ‘पिनकोड:’ असे लिहून पुढे कोरी जागा दिसणे टाळता येण्याजोगे आहे.

शुद्धीविषयी मराठी संकेतस्थळांना लागू पडणाऱ्या काही गोष्टी मी सविस्तर सांगतो, कारण इंग्रजी धड्यांत त्या सापडत नाहीत. आपले संपादक मराठी कळफलकावर काम करतात आणि क्रमाच्या रकान्यात सहज देवनागरी अंकांत ‘१०’ लिहितात. वर्डप्रेसच्या पीएचपी भाषेला ते अंक पूर्णांक म्हणून कळत नाहीत, म्हणून मूल्याचा पूर्णांक करणारे अ‍ॅबसिंट हे फंक्शन त्याचे शून्य करते. रकान्यात काहीतरी भरले, जतन झाल्याचा संदेशही आला, आणि टेबलात मात्र शून्य गेले, असा हा प्रकार आहे. त्यामुळे शुद्धीच्या फंक्शनमध्ये आधी दहाही देवनागरी अंकांचे इंग्रजी अंकांत रूपांतर करावे आणि मगच पूर्णांक करावा. पिनकोड हा अंकांनी बनलेला असला तरी तो मजकूर म्हणूनच ठेवावा आणि त्यात नेमके सहा अंक आहेत एवढे तपासावे. दूरध्वनीचा रकाना जोडलात तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण ०२२ ने सुरू होणारा मुंबईचा क्रमांक पूर्णांक म्हणून साठवला की पुढचे शून्य जाते.

दुसरी गोष्ट पत्त्याची. देवनागरी स्लग डेटाबेसमध्ये टक्केवारीच्या चिन्हांसह सांकेतिक रूपात साठवला जातो; प्रत्येक अक्षरचिन्हाला नऊ वर्ण लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘विलेपार्ले’ या शब्दात अशी दहा चिन्हे आहेत, म्हणजे नव्वद वर्ण झाले. स्लगचा स्तंभ दोनशे वर्णांचा असल्याने बावीस चिन्हांपलीकडे मराठी स्लग जाऊच शकत नाही. मी कॅटेगरीचे स्लग रोमन लिपीत ठेवतो. मराठी नाव वाचकाला शीर्षकात दिसतेच. पण आपल्याकडे मराठी स्लग असतील आणि एखाद्या रकान्यात दुव्याचा पत्ता ठेवायचा असेल, तर त्यासाठी ‘सॅनिटाइझ टेक्स्ट फील्ड’ मुळीच वापरू नये. ते फंक्शन टक्केवारीचे चिन्ह आणि त्यानंतरचे दोन वर्ण अशा सर्व जोड्या काढून टाकते, त्यामुळे पत्त्यातला मराठी भाग संपूर्ण नाहीसा होतो. पत्त्यासाठी ‘एस्क यूआरएल रॉ’ हेच योग्य. रकान्याची की मात्र नेहमी लहान रोमन अक्षरांत आणि स्वतःच्या उपसर्गासह ठेवावी, म्हणजे दुसऱ्या प्लगइनच्या कीशी तिची गाठ पडत नाही.

रेल्वेमार्ग हा आपल्या यादीतील सर्वात शिकवणारा रकाना आहे. गिरगावसाठी चर्नी रोड आणि पश्चिम रेल्वे असे एकच उत्तर पुरते. पण दादर पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही मार्गांवर आहे, कुर्ला मध्य आणि हार्बरवर आहे, अंधेरी पश्चिम आणि हार्बरवर आहे. म्हणून हा रकाना बहुमूल्य हवा. दोन मार्ग एका रकान्यात स्वल्पविरामाने लिहून ठेवले, किंवा सिरिअलाइझ केलेली (एकाच मजकुरात गुंफलेली) मूल्ये एका नोंदीत कोंबली, तर नंतर ‘मध्य’ असा शोध घेणे अवघड आणि बेभरवशाचे होते. एकाच कीखाली प्रत्येक मार्गाची स्वतंत्र नोंद ठेवावी. येथे एक सापळा आहे: जुने मूल्य न सांगता अपडेट टर्म मेटा चालवले, तर त्या कीच्या सर्व नोंदी एकाच नव्या मूल्याने भरल्या जातात, आणि दादरच्या दोन्ही नोंदींत ‘मध्य’ येते. म्हणून बहुमूल्य रकाना साठवताना आधी त्या कीच्या साऱ्या नोंदी काढाव्यात आणि निवडलेली मूल्ये एकेक करून अ‍ॅड टर्म मेटाने घालावीत. अर्थात हेही नॉन्स तपासल्यानंतरच.

मार्ग आणि स्थानके संपादकाला हाताने लिहू देऊ नयेत, यादीतून निवडू द्यावीत. ‘चर्नी रोड’, ‘चर्नीरोड’ आणि ‘चर्निरोड’ ही संगणकाच्या लेखी तीन स्थानके आहेत. टेबलात लहानसा संकेत ठेवावा आणि त्याचे मराठी नाव कोडमध्ये एकाच ठिकाणी. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, तेव्हा अशी व्यवस्था असलेल्या संकेतस्थळावर एक ओळ बदलून काम भागले असते. मुंबईत स्थानकांची नावे बदलतात, हे गृहीत धरूनच रचना करावी.

छायाचित्रासाठी पत्ता साठवू नये, मीडिया लायब्ररीतील क्रमांक साठवावा. संकेतस्थळ दुसऱ्या डोमेनवर गेले तरी क्रमांक चालू राहतो आणि हव्या त्या आकाराची प्रतही त्यावरून मिळते.

क्रमाच्या रकान्याने यादी लावताना बहुतेक जण एकदा तरी अडखळतात. कॅटेगरींची यादी आणणाऱ्या गेट टर्म्स या फंक्शनला मेटाच्या कीनुसार क्रम लावायला सांगितले की ज्या कॅटेगरीला तो मेटा नाही ती यादीतून नाहीशी होते. क्रम लावताना मूल्य संख्या म्हणून घ्यायला सांगितले नाही, तर दहा हा नऊच्या आधी येतो. आणि नोंदणी करताना दिलेले डीफॉल्ट मूल्य फक्त वाचताना परत मिळते, टेबलात नसते, त्यामुळे ते या शोधाला काहीच उपयोगी पडत नाही. ‘नोंद आहे किंवा नोंद नाही’ अशी दुहेरी अट घालून हरवलेल्या कॅटेगरी परत आणता येतात, पण चढत्या क्रमात बिनक्रमांकाच्या कॅटेगरी सर्वांत वर येतात. वस्त्या शे-दीडशेच असतील तर मी त्या सर्व एकदाच आणून पीएचपीमध्येच क्रम लावतो. वाचणाऱ्याला तो कोड लगेच कळतो. ज्या कॅटेगरीत अजून एकही लेख नाही ती गेट टर्म्स मुळातच वगळते, हेही यादी अपुरी दिसली तर आधी तपासावे.

उपकॅटेगरीला मुख्य कॅटेगरीचा मेटा वारशाने मिळत नाही. ‘दक्षिण मुंबई’चे छायाचित्र तिच्याखालील वस्त्यांना हवे असेल, तर गेट अ‍ॅन्सेस्टर्सने पूर्वज मिळवून, जवळच्या पूर्वजापासून वर जात, पहिले सापडलेले मूल्य घ्यावे. पिनकोडसाठी असे कधीही करू नये.

पानावर दाखवताना प्रत्येक मूल्य त्या त्या जागी योग्य एस्केप फंक्शनमधून (विशेष चिन्हे निरुपद्रवी करणाऱ्या फंक्शनमधून) काढावे, साठवताना शुद्धी केलेली असली तरीही. वेगाची काळजी मात्र नसावी. गेट टर्म्स आणलेल्या सर्व कॅटेगरींचा मेटा एकत्रच मेमरीत आणते.

आता प्लगइनचा प्रश्न. अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स या प्लगइनमध्ये रकान्यांचा गट टॅक्सॉनॉमीला जोडता येतो आणि फॉर्मचे सारे काम तेच पाहते. रकाने वारंवार बदलणार असतील, छायाचित्रे आणि पुनरावृत्त रकाने हवे असतील आणि कोड लिहिणारा माणूस कायम हाताशी नसेल, तर ते घ्यावे. आपल्यासारखे पाच स्थिर रकाने असतील तर मी स्वतः लिहिण्याच्या बाजूचा आहे, कारण ते दोनशे ओळींत मावते आणि पूर्ण आपल्या ताब्यात राहते. कोणताही मार्ग घेतलात तरी देवनागरी अंकांची आणि स्थानकांच्या यादीची व्यवस्था आपल्यालाच पाहावी लागेल. स्वतः लिहिलेला कोड थीमच्या फंक्शन्सच्या फाइलीत ठेवू नये, छोट्या स्वतंत्र प्लगइनमध्ये ठेवावा. नाहीतर थीम बदलली की माहिती टेबलात आणि रकाने गायब, अशी अवस्था होते.

वर्णनातील जुनी माहिती हलवताना आधी संपूर्ण डेटाबेसची प्रत घ्यावी आणि काम त्या प्रतीवर करून पाहावे. स्क्रिप्टने वर्णनातून सहा अंकी पिनकोड, इंग्रजी आणि देवनागरी अशा दोन्ही अंकांत, शोधावेत. जेथे एकच सापडेल तेथे तो भरावा, आणि जेथे दोन सापडतील किंवा एकही सापडणार नाही, त्या कॅटेगरींची यादी छापून ती माणसाने पाहावी. स्थानके आणि मार्ग हातानेच निवडलेले बरे. जुने वर्णन लगेच कापू नये. ते ‘जुने वर्णन’ अशा एका मेटामध्ये तसेच ठेवावे, नवी पाने महिनाभर वाचकांसमोर राहू द्यावीत, आणि त्या अवधीत द्रुत संपादनातून एखाद्या कॅटेगरीचे नाव मुद्दाम बदलून तिचे रकाने शाबूत राहतात हे स्वतः पाहून घ्यावे.